लांडगा, कोयोटी, लिंक्ससाठी पाय पकडणारा सापळा, कमीत कमी इजा करणारा कोणता घ्यावा?

कोथरूडची_पोर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा विचित्र वाटेल म्हणून आधीच सांगून टाकते, मला शिकार वगैरे काही करायची नाहीये. मी एमएस्सी झूलॉजी केलंय आणि जानेवारीत अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तर टोकाला एका प्रोजेक्टवर फील्ड असिस्टंट म्हणून जातेय. काम असं की लांडगा, कोयोटी (लांडग्याचा तिकडचा छोटा भाऊबंद) आणि लिंक्स (थंड प्रदेशातलं मोठं रानमांजर) यांना जिवंत पकडायचं, बेशुद्ध करून गळ्यात जीपीएस कॉलर घालायची आणि सोडून द्यायचं. परवाने, डॉक्टर सगळं त्यांचं आहे. पण बॉसबाईंनी निघायच्या आधी गृहपाठ दिलाय की पाय पकडणाऱ्या सापळ्यांबद्दल वाच आणि तू स्वतः असतीस तर कोणता घेतला असतास ते कारणांसकट लिहून पाठव.

आता योगायोग बघा, मागच्या रविवारी सासवडला आजोबांच्या घराचा माळा आवरत होतो तर जुन्या कणगीमागे एक लोखंडी चाप निघाला. दोन्ही जबड्यांना करवतीसारखे दात, गंजून लाल झालेला, पण स्प्रिंग अजून जिवंत. काकाने दोन्ही पायांनी दाबून तो उघडला आणि मी मुद्दाम मधे उसाचं कांडं टाकलं. खट्टकन आवाज आला आणि कांडं नुसतं तुटलं नाही, दात बसले तिथे चेंदून रस गळायला लागला. आई शेजारीच उभी होती. दिवे घाट उतरेपर्यंत गाडीत एक शब्द बोलली नाही, मग हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये एवढंच म्हणाली, "हे करायला चाललीयेस तू?"

तर प्रश्न असे. आतमधे रबर लावलेले सापळे खरंच वेगळे असतात का नुसतं बोलायला? तिन्ही प्राण्यांना एकच साइझ चालेल का? केबलचा फासा जास्त सौम्य असतो असं एका ठिकाणी वाचलं ते खरं का? आणि सगळ्यात बाळबोध प्रश्न, जुन्नरला बिबट्याला लावतात तसा पिंजरा का नाही लावत?

——

उत्तरेचा_वारा

मी तुझ्याच भागात तीन सीझन काढलेत, आता परत बाणेरला आलोय, त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बस.

आधी शेवटच्या प्रश्नाचं सांगतो कारण बाकी सगळं त्यावर आहे. मांजरकुळातला प्राणी पिंजऱ्यात शिरतो. बिबट्या शिरतो, लिंक्सही शिरतो. लांडगा शिरत नाही. कोयोटी तर आणखी वस्ताद. ही मंडळी नाकाने जग वाचतात, डोक्यावर छप्पर आणि पायाखाली जाळी आली की मागे फिरतात, आत अख्खा सांबर ठेवला तरी. म्हणून श्वानकुळासाठी पाय पकडणारा सापळा वापरतात, हौस म्हणून नाही.

आता तुझा आजोबांचा चाप. तो सापळा वेगळ्याच हेतूने बनवलेला आहे, प्राणी निसटता कामा नये एवढंच त्याला कळतं, मग पाय राहो न राहो. आजचा संशोधनातला सापळा दिसायला त्याचाच चुलतभाऊ वाटतो पण त्याला दात नसतात, जबडे जाड आणि गोल कडेचे असतात, आणि काहींना आतून कडक रबराची पट्टी असते. पहिल्या आठवड्यात आमच्या ट्रॅपरने काय केलं, सॉफ्ट कॅच नंबर तीन (हा असाच रबराच्या पट्टीवाला) उघडला आणि स्वतःचा पंजा आडवा मधे घातला. फाट्! मी डोळेच मिटले. तो हसत हात काढून दाखवतोय, एक लाल पट्टा उठलेला, बास. मग म्हणाला आता तू. मी घातला. दरवाजात हात सापडल्यासारखं लागतं, पण पाच मिनिटांनी मी त्याच हाताने पेन धरून नोंदी लिहीत होतो. (बोटं कधी घालू नकोस, तळव्याचा रुंद भाग आडवाच घालायचा आणि शिकवणारा शेजारी असतानाच.)

पण रबर म्हणजे सगळं नव्हे, हे नीट लक्षात घे. नवीन माणसं नेहमी इथेच फसतात. त्यांना वाटतं स्प्रिंग ढिली म्हणजे सापळा दयाळू. उलट आहे! पकड ढिली असली की पाय आत पुढेमागे घसरतो, कातडी सोलते, प्राणी ओढत राहतो, रात्रभर. चार स्प्रिंगचा सापळा पाय घट्ट धरून ठेवतो, हलू देत नाही, म्हणून जखम कमी. घट्ट धरणं वेगळं आणि चिरडणं वेगळं. चिरडू नये म्हणून काय करतात तर जबडे पूर्ण मिटत नाहीत, मिटल्यावरही मधे पाच-सहा मिलिमीटरची फट राहते. आणि जबड्याची कड जेवढी जाड तेवढा दाब पसरतो, बारीक कड म्हणजे सुरी. हे सगळं नसेल तर नुसतं रबर चिकटवून काही होत नाही.

दुसरं साखळी. लोक सापळा बघतात, साखळी बघतच नाहीत आणि अर्ध्या जखमा तिथे होतात. साखळी सापळ्याच्या बरोब्बर मध्यातून खालून निघाली पाहिजे, बाजूने नाही, नाहीतर प्राणी ओढतो तेव्हा पाय पिळला जातो. मधे निदान दोन-तीन ठिकाणी फिरकी हवी म्हणजे तो गोल गोल फिरला तरी साखळीला पीळ बसत नाही. आणि एक जाड स्प्रिंग साखळीतच, धक्का खायला. लांडगा चाळीस किलोचा असतो, तो पळत येऊन साखळीच्या टोकाला हिसका देतो तेव्हा तो हिसका खांद्याला जाणार का स्प्रिंगला जाणार एवढाच प्रश्न आहे.

साइझचं म्हणशील तर एकच साइझ अजिबात नाही. कोयोटी दहा ते पंधरा किलोचा, त्याला सॉफ्ट कॅच नंबर तीन किंवा एमबी ५५०, ६५० असे सापळे चालतात. तिथल्या लांडग्याचा पंजा माझ्या तळहाताएवढा, त्याला ईझी ग्रिप नंबर सात किंवा एमबी ७५०. लांडग्याला छोटा सापळा लावलास तर फक्त बोटं सापडतात आणि बोटं सापडणं म्हणजे सगळ्यात वाईट, एकतर तुटतात नाहीतर तो बोट सोडून निघून जातो. उलट कोयोटीला लांडग्याचा सापळा लागला तर पकड पंज्याच्या वर नळीच्या हाडावर बसते आणि हाड जायची भीती. पकड पंज्याच्या गादीच्या मागे बसली पाहिजे, तिथेच.

म्हणून मधली जी तबकडी असते, जिच्यावर पाय पडला की खटका सुटतो, तिचं वजन लावून घेता येतं. लांडग्याच्या सापळ्याला आम्ही साधारण चार किलोपर्यंत कडक ठेवायचो. म्हणजे कोल्हा, ससा, लिंक्स वरून चालत गेले तरी सहसा सुटत नाही. हे फार महत्त्वाचं, कारण तिथे लिंक्स २००० सालापासून संरक्षित यादीत आहे, चुकून सापडलेला लिंक्स म्हणजे कागदपत्रांचा डोंगर आणि बाईंचा चेहरा.

——

कोथरूडची_पोर

@उत्तरेचा_वारा दादा, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, थँक्यू. मग लिंक्सला सॉफ्ट कॅच नकोच का? कारण कॅनडाच्या मान्य सापळ्यांच्या यादीत लिंक्सच्या नावापुढे सॉफ्ट कॅच नंबर तीन आणि बेलिल फुटस्नेअर नंबर सहा दोन्ही दिसतात.

——

उत्तरेचा_वारा

यादीत आहेत, बरोबर. लिंक्सचा पंजा अंगाच्या मानाने प्रचंड असतो, बर्फावर चालायला केसाळ पायमोजेच घातलेत म्हण, त्यामुळे नंबर तीनमधे नीट बसतो. आणि मांजर असल्यामुळे तो लांडग्यासारखा धिंगाणा घालत नाही, थोडं ओढतो आणि मग बसून राहतो तुझ्याकडे रागाने बघत. बेलिल म्हणजे फासाच, केबल पायाभोवती फेकून आवळणारा. चांगला आहे, बऱ्याच ठिकाणी वापरतात. पण केबल एकदा पिळली, चपटी झाली की फेकून द्यायची आणि नवीन घालायची, जुनीच परत लावायचा मोह होतो आणि मग तीच केबल पाय कापते.

पण तू जानेवारीत जातेयस ना? मग हा प्रश्नच निकालात निघतो. खरं तर सापळ्याच्या आधी कॅलेंडर बघायचं असतं. उणे वीसमधे पकडलेल्या पायाला रक्त कमी पोचतं, तो पाय गोठतो. रबर असो, केबल असो, गोठतोच. वरून काही दिसत नाही, सोडल्यावर आठवड्याभराने बोटं काळी पडतात आणि तेव्हा प्राणी तुझ्यासमोर नसतो. म्हणून तिकडे लांडग्यांचे सापळे बर्फ गेल्यावर लावतात, मे ते शरद. हिवाळ्यात लिंक्सला पिंजरा. जाळीचा मोठा पिंजरा, वरून फर झाडाच्या फांद्यांनी झाकायचा, आत ससा लटकवायचा, बाहेर दोऱ्याला पीस किंवा चकचकीत पत्र्याचा तुकडा बांधायचा. लिंक्स नाकापेक्षा डोळ्याने ओढला जातो, वाऱ्यावर काहीतरी लुकलुकलं की चौकशीला येतो. आमच्याकडे एकाने चक्क जुनी सीडी टांगली होती.

तर तुझ्या गृहपाठात असं लिही, हिवाळ्यात लिंक्स, फक्त पिंजरा. मे नंतर लांडगा आणि कोयोटी, वेगवेगळ्या साइझचे सापळे. बाई खूश होतील.

——

गोठ्यातला_डॉक्टर

मी व्हेट आहे, हडपसर बाजूला प्रॅक्टिस, अधूनमधून वन्यप्राण्यांच्या रेस्क्यूला हाक आली की जातो. वारा साहेबांनी लोखंडाचं छान सांगितलं, मी मांसाचं सांगतो.

आपल्याकडे पाय पकडणारा सापळा फार बघायला मिळत नाही, आपल्याकडे बघायला मिळते ती क्लच वायर. बाइकची. रानडुकरासाठी शेताच्या कुंपणात लावतात आणि सापडतं भलतंच. एकदा शिरूरच्या पुढे उसाच्या कडेला तरस सापडलं होतं, वायर पोटाला. बाहेरून एवढीशी रेघ, केस बाजूला केले तर आत दोन बोटं जातील एवढी खाच. ती वायर आवळत जाते आणि थांबतच नाही, तिला थांबा नसतो. संशोधनाच्या फाशाला केबलवर थांबा असतो, ठराविक घेरानंतर आवळणं बंद. अगं, क्रूर आणि सौम्य यातला फरक कधीकधी तेवढ्या एका धातूच्या मण्याचा असतो.

आता तुझ्यासाठी. सापळा कितीही चांगला असू दे, प्राणी त्यात किती वेळ राहिला यावर सगळं आहे. दिवसातून एकदा बघतात ही मी किमान मर्यादा मानतो, त्यावर समाधान मानू नकोस. प्रोजेक्टवाल्यांना विचार की सापळ्यावर ट्रान्समीटर आहे का. साखळी ओढली गेली की चुंबक निघतं आणि सिग्नलचा ठोका बदलतो, तुला तंबूत बसून कळतं. मंगोलियात हिमबिबट्यांना पायाच्या फाशाने पकडून कॉलर लावतात तिथे असेच ट्रान्समीटर वापरतात आणि म्हणूनच ते काम चालू शकतं.

पोचल्यावर पहिलं काम ताप बघणं. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट धर. १०४ च्या वर गेला की काळजी, १०६ ला तर कॉलर बिलर विसर, पाणी ओत, सावलीत घे. घाबरलेला प्राणी झुंजून झुंजून स्वतःचे स्नायू जाळतो, त्याला कॅप्चर मायोपॅथी म्हणतात, सोडताना ठीक वाटतो आणि दोन दिवसांनी मरतो. म्हणून डोळ्यावर पट्टी, आवाज बंद, मोबाइलवर फोटोसेशन तर अजिबातच नको.

औषधाचं ते बघतील, पण माहिती असू दे. केटामिन-झायलाझिन दिलं असेल तर झायलाझिनवर उतारा असतो, योहिम्बिन. केटामिनवर नसतो. त्यामुळे घाई करून उतारा दिला तर प्राणी केटामिनच्या अर्धवट नशेत झटके देत उठतो. बऱ्यापैकी वेळ जाऊ द्यायचा. डोळ्यात मलम घालायला विसरू नका, केटामिनमधे डोळे उघडेच राहतात आणि बुबुळ कोरडं पडतं.

आणि रेबीजचे आधीचे डोस इथूनच घेऊन जा. आईला ते सांग, तिला जरा बरं वाटेल 😄

——

दिवेघाट_पलीकडे

ताई तुमचा विषय वाचला. आमची मेंढरं हायत, सासवडच्या खाली माळाला बसवतो. गेल्या पंधरा दिवसात तीन कोकरं गेली. लांडगाच हाय. हे रबराचं चाप हिकडं कुठं मिळत्यात का, आणि केवढ्याला? मारायचा नाय त्याला, धरून लांब सोडून दीन मी. तुमचा आजोबाचा चाप पण चालंल, विकायचा असला तर सांगा.

——

कोथरूडची_पोर

@दिवेघाट_पलीकडे काका, चाप विकायचा नाही हो, आईने तो सोमवारीच भंगारवाल्याकडे तोडून द्यायला लावला. कोकरांचं वाचून वाईट वाटलं. पण हे आपल्याकडे बेकायदेशीर आहे ना? कोणी माहीतगार सांगा.

——

माळावरचा

मी सांगतो. गेली काही वर्षं इंदापूर, बारामती, दौंडच्या माळांवर लांडग्यांच्या मागे फिरतोय, स्वयंसेवक म्हणून.

काका, लावू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात शिकार या शब्दातच पकडणं, फासा लावणं, सापळा लावणं, आमिष दाखवणं सगळं येतं, नुसतं मारणं नाही. कलम दोनमधेच व्याख्या आहे. म्हणजे तुम्ही धरून लांब सोडला तरी कायद्याच्या भाषेत ती शिकारच. लांडगा पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं आत, वर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. संशोधनासाठीसुद्धा कलम बाराखाली परवाना काढावा लागतो आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी केंद्राची आधी मंजुरी लागते. पोरीचं काम तिकडचं आहे, तिकडचे कायदे वेगळे, तिथे लोक पिढीजात कातड्यासाठी सापळे लावतात.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी लांब सोडून उपयोग नसतो. लांडग्याची जागा मोकळी झाली की दुसरा येतो, आणि सोडलेला तिकडे दुसऱ्या कुणाच्या मेंढरांवर जातो. जुन्नरकडे बिबट्यांच्या बाबतीत हेच बघितलंय सगळ्यांनी.

आता कामाचं. नुकसानभरपाई मिळते, लांडग्याने मारलेल्या शेळी-मेंढीलाही. पण ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं आणि मढं हलवायचं नाही, पंचनामा होईपर्यंत. हॅलो फॉरेस्टचा नंबर १९२६. फोटो काढून ठेवा, मानेचा आणि मागच्या पायांचा दोन्ही. कारण मला एक शंका आहे, राग मानू नका, लांडगाच आहे कशावरून? लांडगा गळा धरतो आणि उचलून नेतो. मागून मांड्या, शेपूट, कान कुरतडलेले असतील आणि एकाच रात्री दोन-तीन नुसती फाडून टाकली असतील तर बहुतेक वेळा गावातली मोकाट कुत्री असतात. हायवेचे ढाबे, कोंबडीची दुकानं, कचरा, सगळीकडे कुत्र्यांचे कळप झालेत. पुण्याजवळ तर लांडगा आणि कुत्र्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून २०२३ मधे छापून आलंय, म्हणजे दिसायलासुद्धा फसगत होऊ शकते.

वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, लावताय ना रात्री? जाळी खालून सैल असेल तर दगड दाबा. आणि कुत्री तुमची किती आहेत?

——

दिवेघाट_पलीकडे

वाघर हाय पण जुनी हाय, दोन ठिकाणी फाटलीय. कुत्रं एकच राहिलं, दुसरं बिबट्यानं नेलं दिवाळीत. त्याच्या गळ्यात खिळ्याचा पट्टा नव्हता तेवढं चुकलं. मागच्या टायमाला तुम्ही म्हणता तसं मांडीलाच फाडलं होतं. फोन करतो उद्या.

——

सदाशिव_पेठ_तीस

सगळं वाचलं. अभ्यासपूर्ण आहे. पण सौम्य सापळा हा शब्दच मला हसू आणतो. रानात मोकळा फिरणाऱ्या लांडग्याचा पाय रात्रभर लोखंडात, आणि वरून आपण म्हणायचं की जबड्यात पाच मिलिमीटर फट आहे बरं का! १९९७ मधे युरोपियन युनियन, कॅनडा आणि रशियाने सापळ्यांच्या मानकांचा करार केला, त्यात निकष काय आहे माहितीये का? किमान वीस प्राण्यांवर चाचणी आणि त्यातल्या ऐंशी टक्क्यांमधे हाड मोडणं, स्वतःचाच पाय चावणं वगैरे ठरवलेली लक्षणं दिसता कामा नयेत. म्हणजे विसात चौघांचं हाड मोडलं तरी सापळा पास. परीक्षेत ३५ ला पास करतात तसं. आणि अमेरिकेतल्या मार्गदर्शक तत्त्वांत तर मर्यादा ७० टक्क्यांवर आहे. खुद्द युरोपियन युनियनने आपल्या हद्दीत जबड्याचा सापळा १९९५ पासून बंद केलाय, ते का उगाच? विष्ठेतून डीएनए काढा, कॅमेरे लावा, पकडायचंच कशाला.

——

उत्तरेचा_वारा

काका, तुमचा मुद्दा खोडणार नाही. आकडे बरोबर आहेत, आणि ७० टक्क्यांवाल्या निकषात "कमी ते मध्यम" इजा धरून पास करतात, म्हणजे सुजलेला पाय त्यात बसतो. आणि हे निकष मुख्यतः कातड्यासाठी सापळे लावणाऱ्यांच्या धंद्यासाठी तयार झाले, संशोधनासाठी नाही. त्यामुळे यादीत नाव आहे म्हणून सापळा घ्यावा असं मी कुणालाच सांगणार नाही, यादी ही फक्त खालची पायरी.

पण विष्ठेतून तुम्हाला कोण आहे ते कळतं, तो रात्री हायवे कुठे ओलांडतो ते कळत नाही. ते कॉलरनेच कळतं. आणि मी तीन सीझनमधे एका मादीचं बोट मोडलेलं बघितलंय, आमच्याच सापळ्यात. साखळीची फिरकी चिखलाने जाम झाली होती, आदल्या दिवशी मी तपासायला हवी होती, नाही तपासली. नंतर ती चार महिने कॉलरवर दिसत होती, पिल्लंही आणली तिने, पण अजून सापळे धुताना मी प्रत्येक फिरकी बोटाने फिरवून बघतो, इथे बाणेरमधे कुत्र्याची साखळी घेताना पण. तुम्ही म्हणता ते मनात ठेवूनच काम करावं लागतं, नाहीतर हात सैल पडतो.

——

माळावरचा

एक भर घालतो. आपल्याकडेही लांडग्यांना कॉलर लावल्यात, पण आपला लांडगा वीस किलोच्या आसपासचा, तिकडच्या निम्मा. त्यामुळे तिकडचं लांडग्याचं लोखंड इकडे आणून चालणार नाही, आपल्याला कोयोटीची साइझ जवळची. आणि आपला शत्रू थंडी नाही, ऊन. संध्याकाळी उघडायचे, पहाटे बंद करायचे, दिवसा एकही सापळा उघडा नको. शिवाय माळावर मेंढपाळांची कुत्री, शेळ्या, पोरं सगळं फिरत असतं, तिकडच्या जंगलासारखं रिकामं नाही. पूर्वी लडाखमधे लांडग्यांसाठी दगडी खड्डे बांधायचे, शांगडोंग म्हणतात, आत आमिष म्हणून जिवंत जनावर, वर निमुळतं तोंड, उतरलेला लांडगा चढून येऊ शकत नाही आणि मग वरून दगड. आता त्यातले काही खड्डे गावकऱ्यांनीच मोडून शेजारी स्तूप बांधलेत. लिंक्ससुद्धा भारतात मुख्यतः तिथेच आहे, लडाखला, तुला इकडे परत आल्यावर काम करायचं असेल तर.

——

कोथरूडची_पोर

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. गृहपाठ पाठवला. हिवाळ्यात लिंक्सला झाकलेला पिंजरा, मे नंतर कोयोटीला सॉफ्ट कॅच नंबर तीन चार स्प्रिंगवाला, लांडग्याला ईझी ग्रिप नंबर सात, तबकडी कडक, साखळी मधून, फिरक्या रोज बोटाने फिरवून, प्रत्येक सापळ्याला ट्रान्समीटर. बाईंचं एका ओळीचं उत्तर आलं की हिवाळ्याचा मुद्दा दहातले नऊ जण विसरतात. (वारा दादा, क्रेडिट तुमचं, मी नाव नाही सांगितलं.) सदाशिव पेठ काका, तुमचा ३५ मार्कांचा मुद्दाही लिहिला, तोही त्यांना आवडला.

आईला सगळा धागा वाचून दाखवला. क्लच वायरच्या इथे ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि परत आली. मग म्हणाली तो रबरवाला मला बघायचाय. आता तो पुण्यात कुठून आणू?

एक राहिलंच, शरद ऋतूत पहाटे जमीन गोठते तेव्हा सापळा मातीतच चिकटून बसतो आणि सुटत नाही असं वाचलं, त्याला काय करतात?

——

उत्तरेचा_वारा

कोरडी माती. उन्हाळ्यातच डबे भरून वाळवून ठेवायची, किंवा कोरडं पीट मॉस, आणि सापळ्याच्या खाली-वर तेच घालायचं, ओल गेली की गोठायला काही उरत नाही. मीठ टाकू नकोस, लोखंड खातं आणि हरणं चाटायला येतात. तबकडीखाली माती शिरू नये म्हणून मेणकागदाचा चौकोन. आणि नवीन सापळे आधी उकळून, रंगवून, मेणात बुडवून घ्यायचे, कारखान्याच्या तेलाचा वास लांडग्याला शंभर पावलांवरून येतो. खुंटी गोठलेल्या जमिनीत जात नाही, तेव्हा लांब साखळीला दोन नखांचा आकडा बांधतात, प्राणी तो ओढत झाडीत जाऊन अडकतो आणि सावलीत बसतो, हिसकेही कमी. फक्त मग शोधायला जावं लागतं, आणि रागावलेला लांडगा झाडीत शोधणं काय असतं ते तुला कळेलच.

आईला म्हणावं बाणेरला या, माझ्याकडे एक आठवण म्हणून आणलेला आहे, स्प्रिंग काढून ठेवलाय पण बसवून दाखवतो.

——

दिवेघाट_पलीकडे

१९२६ ला फोन केला होता. गार्ड साहेब दुसऱ्या दिवशी आले, ठसं मोजलं, फोटो काढलं, पंचनामा केला. रात्री माळावरच्या दादांनी कॅमेरा लावून दिला वाघरीपाशी. तिसऱ्या रात्री आली चार जण. लांडगा नाय, कुत्रीच. त्यातल्या एकाच्या गळ्यात लाल पट्टा हाय, मालक कोण ते आख्ख्या गावाला ठाऊक हाय, तो म्हणतो माझं कुत्रं रात्री दारात बांधलेलं असतं.